छताचं अस्तर लोंबलं? गोंद नव्हे, फोम गेलाय

गाडीच्या छताचं अस्तर मागच्या सीटवर लोंबायला लागलं की फुकटचे सल्ले दोन मिळतात. एक, सिरिंजने आत गोंद सोडा. दुसरा, टाचण्या मारा. हिवाळ्यात केलं तर होळीपर्यंत टिकतं. मग एकदा एप्रिल लागला की टाचणीभोवतीचं कापडही खाली येतं आणि गोंदाचे पिवळे डाग वर दिसायला लागतात, ते वेगळंच. कारण सुटलेला असतो तो गोंद नव्हे. कापडाच्या पाठीचा फोमच संपलेला असतो.

आजच्या बहुतेक गाड्यांत पत्र्याखाली साच्यात दाबून बनवलेला एक बोर्ड असतो. तो काच-तंतूंचा, दाबलेल्या चिंध्यांचा, किंवा कडक फोमच्या दोन्ही अंगांना काच-तंतूंची जाळी बसवलेला. त्याच्या खालच्या अंगाला दोन-तीन मिलिमीटरचा मऊ पॉलियुरेथेन फोम आणि फोमला कारखान्यातच चिकटवलेलं विणीचं कापड. फोम आणि कापड एकच ताव म्हणून येतात. उष्णता आणि दमटपणा यांनी हा फोम आतून तुटत जातो, आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा होतो. आपल्याकडे दोन्ही गोष्टी पाठोपाठ येतात: एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे ४४-४५ अंशांची दुपार, आणि लगेच जुलैची ओल. उन्हात काचा लावून उभ्या गाडीत हवाच ६० अंशांच्या वर जाते, पत्रा त्याहून तापतो, आणि फोम नेमका त्या पत्र्याखाली. म्हणून सावलीतल्या गाडीपेक्षा आपल्याकडची गाडी हे दुखणं कितीतरी आधी दाखवते.

खात्री करायची तर लोंबलेला भाग बोटांत धरून चोळा. आत रवाळ, नारिंगी-पिवळं काही सरकलं तर फोम मेला. अशा फोमवर जगातला कुठलाही गोंद लावा, तो भुग्याला चिकटेल, बोर्डाला नाही. मग बोर्ड बाहेर काढून, भुगा संपूर्ण खरवडून, नवं फोम-कापड लावणं एवढाच मार्ग राहतो. दोन माणसं असतील तर घरच्या घरी होतं. पहिला दिवस काढण्या-साफ करण्यात जातो, दुसरा चिकटवण्यात, आणि बोर्ड वाळायला एक रात्र.

अॅम्बेसेडर, पद्मिनी अशा जुन्या गाड्यांत बोर्ड नसतो, आडव्या तारांवर शिवलेलं रेक्झिन ताणलेलं असतं. तो शिवणकामाचा विषय आहे, तो कुशनवाल्याकडेच न्या.

केव्हा करायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात दुपारी गोंद फवारला की कापड ठेवेपर्यंत तो वाळून गेलेला असतो. पावसाळ्यात उलट: गोंदातलं द्रावक (गोंद पातळ ठेवणारा द्रव) उडताना पृष्ठभाग गार करतं, हवेतली ओल त्यावर बसते आणि गोंदाच्या थरावर दुधी साय येते. ती साय आली की पकड गेली. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी घाई करू नका, थंडीने गोंद घट्ट होतो आणि फवाऱ्यातून गुठळ्या पडतात. अकरा ते चार ही वेळ बरी.

एक गोष्ट आपल्याच भागातली. हेच महिने कापसाचे. जिनिंगच्या आसपास किंवा घरात कापूस भरलेला असेल तर हवेत तंतू तरंगत असतात आणि ओल्या गोंदावर बरोबर येऊन बसतात. पोर्च किंवा शेडला बाजूने जुन्या साड्या, ताडपत्री बांधा, फरशीवर आधी पाणी शिंपडा. अंगणात, वाऱ्यात हे काम करायचंच नाही.

सामान

कापड घ्यायला सीट कव्हर किंवा कुशनवाल्याकडे जा आणि मागायचं ते 'रूफचं फोमवालं कापड'. पन्हा साधारण ५४ ते ६० इंच असतो. छोट्या हॅचबॅकला २ मीटर, सेडानला सव्वादोन, सात सीटरला ३ मीटर किंवा वर. पण अंदाजावर जाऊ नका. बोर्डाची सगळ्यात लांब आणि सगळ्यात रुंद जागा मोजा, वळणांतून टेप दाबत न्या, आणि दोन्हीकडे १५-१५ सेंटिमीटर जास्त धरा. फोमची जाडी ३ मिलिमीटर. त्याहून पातळ घेतला तर बोर्डावरचा प्रत्येक ओरखडा कापडातून दिसतो, आणि ५ मिलिमीटरचा घेतला तर दिव्याच्या, सनवायझरच्या खोबणीत तो बसत नाही. कापड हातात घेऊन ताणून बघा. आडवं-उभं दोन्हीकडे थोडं तरी ताणलं गेलं पाहिजे. सीटचं कापड कितीही सुंदर असलं तरी ते ताणत नाही, वळणावर सुरकुती सोडतं. रंग मूळचाच किंवा त्याहून फिकट घ्या. काळं छत दुकानातल्या तुकड्यात छान दिसतं, पण त्यावर आपल्या भागातली धूळ रोज दिसते.

गोंद हा या कामातला निर्णायक खर्च. पांढरा लाकडाचा फेव्हिकॉल इथे चालत नाही, उन्हात तो मऊ पडतो आणि बोर्ड-फोमच्या मधे लवकर वाळतही नाही. लागतो तो सिंथेटिक रबरचा, दोन्ही अंगांना लावून वाळू द्यायचा कॉन्टॅक्ट गोंद. फेव्हिकॉलचा एसआर ९९८ कुशनवाले आणि फर्निचरवाले वापरतात, सहज मिळतो. स्प्रे कॅन घेत असाल तर त्यावर उष्णता सोसण्याचा आकडा वाचा. ७० अंशांच्या खालचा असेल तर तो घरातल्या हस्तकलेसाठी आहे, खान्देशातल्या गाडीसाठी नाही. डब्यातला गोंद हॅचबॅकला १ लिटर, सेडानला दीड, सात सीटरला २ लिटर पुरतो. त्याच कंपनीचा थिनर पाव लिटर. पेट्रोल घालून गोंद पातळ करणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

दुकानदाराचं ऐकण्याआधी एक चाचणी करा. कापडाचा वीतभर तुकडा निरुपयोगी पुठ्ठ्यावर या गोंदाने चिकटवा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारी १ ते ४ गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवून गरम असतानाच सोला. फोम फाटला तर गोंद पास. गोंद तार धरत धरत सुटला, तर तो डबा परत करा.

बाकी लागतं ते असं: फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, १०, १४ आणि १७ चे पाने, प्लॅस्टिकच्या क्लिप उचकायची प्लॅस्टिक पट्टी, कपडे धुण्याचा नायलॉनचा कडक ब्रश, धारदार कटर आणि चार जास्तीची पाती, एन-९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. काच-तंतूची खाज दोन दिवस जात नाही, शर्टाला आळस करू नका.

बोर्ड काढताना

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. पिलरवर (काचांच्या मधल्या, छत धरणाऱ्या खांबांवर) एअरबॅगची खूण असेल तर छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग आहे असं समजा. तार काढल्यावर किमान दहा मिनिटं थांबा, आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. ज्यांना त्याची माहिती नाही त्यांनी अशा गाडीचे पिलर काढायचं काम गॅरेजमध्ये करून घ्यावं, बाकीचं घरी करता येतं.

मग प्रत्येक भागाचा फोटो काढत चला. सनवायझर प्रत्येकी दोन-तीन स्क्रू आणि मधला हुक. हँडलच्या दोन्ही टोकांना झाकणं असतात, ती उचकली की आत स्क्रू. दिव्याची काच हलक्या हाताने काढा, खाली दोन स्क्रू, मागे कनेक्टर. दाराच्या कडेची रबर बीडिंग ओढली की निघते. पिलरच्या प्लॅस्टिक पट्ट्या क्लिपवर असतात, पण मधल्या पिलरवर सीट बेल्टचा वरचा बोल्ट आडवा येतो. तो बहुधा १४ किंवा १७ चा आणि फार घट्ट असतो. पाना नीट बसवून एकदाच जोर लावा, डोकं गोल झालं तर पुढचा अर्धा दिवस त्यातच जाईल. मागच्या बाजूला दोन-चार काटेरी क्लिप असतात, त्या तुटतातच. आधीच दहा-बारा नव्या आणून ठेवा. सगळे स्क्रू एका डब्यात टाकू नका. हँडलचे आणि दिव्याचे लांबीला वेगळे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या ठिकाणी गेला तर वर पत्र्याला टोचून बाहेरून उंचवटा उठतो.

बोर्ड सैल झाला की पुढच्या सीट पूर्ण मागे झुकवा, डोक्याच्या उशा काढा, स्टिअरिंग खाली करा. हॅचबॅकमध्ये बोर्ड डिक्कीतून निघतो, सेडानमध्ये पुढच्या डाव्या दारातून तिरका करून. एकाने पुढून, एकाने मागून धरायचा. मधोमध वाकवला की तो मोडतो, आणि मोडीची रेघ नव्या कापडातूनही दिसते. बोर्डाच्या पाठीवर दिव्याची तार चिकटवलेली असू शकते. ओढण्याआधी हात घालून बघा.

खरवडणं

सगळं काम या टप्प्यावर ठरतं, आणि नेमका हाच टप्पा घाईत उरकला जातो. जुनं कापड एका हाताने ओढलं की निघून येतं, खाली भुग्याचा थर उरतो. तो नायलॉन ब्रशने एकाच दिशेने झाडत जा. तारेचा ब्रश बोर्डाची जाळी उपटतो. पाणी, साबण, थिनर काहीही नाही, बोर्ड भिजला तर आकार सोडतो. खोबणीत आणि काठाच्या वळणात भुगा दडतो, तिथे जुना टूथब्रश घ्या. मग ब्लोअर किंवा व्हॅक्यूम, मग कोरडा सुती फडका.

पुरे झालं हे कसं ओळखायचं? तळहात बोर्डावरून घसटत फिरवा. हात कोरडा निघाला तर पुरे, पिवळा झाला तर अजून एक फेरी. जुना गोंद कडक आणि घट्ट बसलेला असेल तर तो राहू दे, फक्त सुटे पोपडे काढा. हॅचबॅकच्या बोर्डाला नीट खरवडायला दोन-तीन तास सहज लागतात. अर्ध्या तासात झालं म्हणणाऱ्याचं छत पुढच्या मे महिन्यात बघा.

आता बोर्ड उजेडात धरा. पाण्याचे तपकिरी डाग दिसले तर आधी गळतीचा शोध घ्या: पुढच्या काचेचं सील, छताच्या कडेची खोबण, अँटेनाचं बूड, कॅरिअरचे बोल्ट, सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या. पत्र्यावर पाइपने पाणी सोडून आतून टॉर्चने बघणं सोपं, कारण आता छत उघडंच आहे. भेगा गेलेल्या ठिकाणी बोर्डाच्या पाठीमागून काच-तंतूच्या कापडाची पट्टी रेझिनने बसवा, भेगेच्या दोन्हीकडे चार बोटं जास्त. कडक फोमचा गाभा असलेल्या बोर्डावर आधी कोपऱ्यात रेझिनचा थेंब टाकून बघा, काही रेझिन फोम खातात. दर्शनी अंगाला लांबी (पुट्टी) भरू नका. ती उन्हात तडकते आणि कापडातून रेघ उमटते.

चिकटवणं

बोर्ड दोन बाकांवर किंवा खाटेवर दर्शनी अंग वर करून ठेवा. कापड त्यावर अंथरा, रोलची लांबी गाडीच्या लांबीला, ताण जास्त असलेली बाजू आडवी. मध्यरेषा खडूने बोर्डावर आणि कापडाच्या उलट्या अंगावर दोन्हीकडे ओढून जुळवा. मागचं अर्धं कापड क्लिप लावून पक्कं करा आणि पुढचं अर्धं मागे दुमडा. एकदम सगळ्या बोर्डावर गोंद मारायचा मोह होतो, पण मग कापड हव्या तिथे टेकत नाही, मध्येच कुठेतरी चिकटतं आणि काढताना फोम फाटतो.

गोंद बोर्डाला पूर्ण आणि फोमला हलका. हे उलटं झालं की द्रावक फोम खातं, कापडावर ओले डाग उमटतात आणि ते कधीच जात नाहीत. स्प्रे कॅन २०-२५ सेंटिमीटरवरून, आधी आडवा मग उभा, जाळी पडेल असा. कॉम्प्रेसर आणि गन असेल तर दीड ते पावणेदोन मिलिमीटरचा नोझल आणि गोंद थोडा पातळ. ब्रशने करायचं तर दोन इंची ब्रश आणि गोंद ओढत ओढत पातळ पसरवायचा, कारण जिथे थर जाड तिथे कापडावर रेघ दिसते. छोटा रोलर त्यापेक्षा बरा. काठांना आणि खोबणींना बोर्डाच्या अंगाने दुसरा हात द्या. गोंदाचे वाफारे पेट घेतात आणि डोकं धरतं: दारं-खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा, विडी, चूल सगळं लांब.

मग थांबायचं. हिवाळ्यात दुपारी साधारण ८ ते १० मिनिटं, उन्हाळ्यात ३-४ मिनिटंच. बोटाच्या मागच्या अंगाने शिवून बघा: चिकट लागला पाहिजे पण बोटावर यायला नको. ओला असताना कापड ठेवलं तर द्रावक आत अडकतं, आणि पहिल्याच उन्हात त्याचे फुगे उठतात. फुगे आलेल्या बहुतेक छतांचं मूळ या अधीरपणात असतं.

कापड मध्यरेषेवरून टेकवत टेकवत बाहेर न्या. एकाने कापडाचा पदर वर धरून ठेवायचा, दुसऱ्याने उघड्या हाताने मधून काठाकडे दाबत जायचं. ताणायचं नाही, भाऊ, फक्त टेकवायचं. खरी कसोटी दिव्याच्या आणि सनवायझरच्या खोबणीत. आधी खोबणीच्या तळाला कापड बसवा, मग भिंतींना, मग वर या. वरून ताणून नेलं तर खोबणीवर कापड पुलासारखं उभं राहतं, त्या दिवशी दाबून बसतंही, आणि चार उन्हं लागली की उठतं. अडलंच तर हेअर ड्रायरची मंद गरम हवा कापडावर फिरवा, ताण सैल होतो. इस्त्री नको, फोम दबून चट्टा पडतो. पुढचं अर्धं झालं की मागच्या अर्ध्यालाही असंच.

काठाला तीन-चार सेंटिमीटर ठेवून बाकी कापा, उरलेलं बोर्डाच्या पाठीवर दुमडून चिकटवा. गोलाईवर दर दोन बोटांवर छेद द्या, पण छेद बोर्डाच्या काठापर्यंत नेऊ नका. बीडिंगखाली जाणाऱ्या काठावर दुमड दुहेरी झाली तर बीडिंग बसत नाही, तिथे फोम सोलून नुसतं कापड दुमडा. एअरबॅगच्या गाडीत कडेला जास्तीचा गोंद, टेप, फोम काहीच नको. एअरबॅग उघडताना बोर्डाची कड खाली ढकलून बाहेर येते, ती कड मोकळी हवी.

भोकं आत्ता कापू नका. रात्रभर बोर्ड सपाट ठेवून वाळू द्या, मग पाठीमागून सुईने प्रत्येक भोकाची जागा टोचून खूण करा. दिव्याच्या ठिकाणी फुलीचा छेद देऊन चारही पाकळ्या मागे चिकटवा. स्क्रूच्या भोकांना नुसती चीर पुरते. भोक गोल कापलं तर विणीचा धागा सुटून फाट लांबते.

छत उघडं आहे तोवर

पत्र्याच्या आतल्या अंगाला उष्णतारोधक लावायची ही एकमेव सोयीची वेळ. बंद पेशींचा पॉलिएथिलीन फोम, ५-६ मिलिमीटर, एका अंगाला अॅल्युमिनियम फॉइल, पाठीवर गोंद लावूनच मिळतो. हॅचबॅकला दीड ते दोन चौरस मीटर. पत्रा थिनरने पुसून आडव्या पट्ट्यांच्या मधल्या चौकटीतच लावा, पट्ट्यांवर आणि कडेला नाही. त्याआधी बोर्ड आणि पत्र्यातली फट मोजा; रोधक जाड झालं तर बोर्ड क्लिपमध्ये बसणार नाही. गच्चीच्या गळतीला लावतात तो डांबरी पट्टा स्वस्त म्हणून छताला लावू नका. मे महिन्यात तो मऊ होतो, वास सोडतो आणि वजनाने खाली येऊन नव्या अस्तरावर बसतो.

बसवताना हात स्वच्छ धुऊन, शक्यतो पांढरे सुती हातमोजे घालून. बोर्ड आत नेऊन आधी दिव्याचा कनेक्टर जोडा, मग सनवायझर आणि हँडलचे स्क्रू अर्धेच लावून बोर्ड मध्यात आणा, मग मागच्या क्लिप, मग पिलर, शेवटी बीडिंग. सगळं जागेवर आलं की स्क्रू पूर्ण कसा, पण हँडलचे स्क्रू अति आवळले तर फोम दबून भोवती सुरकुत्यांचा तारा उमटतो. सीट बेल्टचा बोल्ट मात्र पूर्ण घट्ट, टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्याला. बॅटरी जोडा, दिवा लावून बघा, एअरबॅगचा इशारा काही सेकंदांत विझतो का ते बघा. विझला नाही तर गाडी तशी चालवत राहू नका, दाखवून घ्या.

पहिले दोन दिवस गाडी सावलीत, काचा बोटभर खाली. गोंदाचा वास आठवडाभर राहतो. पहिल्या उन्हाळ्यात एखाद्या खोबणीचा काठ सुटलाच तर लगेच, फोम अजून जिवंत असताना, बारीक ब्रशने दोन्ही अंगांना गोंद लावून, वाळवून दाबा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर सुटलेला काठ आजूबाजूचं कापडही ओढून खाली आणेल.